तो परत कधी येणार? कोच के आणि चार गैरहजेऱ्या

आजचा भाग अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर आहे. या खेळातलं ओ की ठो कळत नसेल तरी थांबा, कारण आजचा वाद तुम्ही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर घातलेला असणारच. टीमचा सगळ्यात भारी प्लेअर बाहेर बसलाय. कोचनं काय करायचं? वाट बघायची, लवकर खेळवायचं, की सांगायचं, बाबा रे, तू आधी तुझं बघ?

बुमराला कुठल्या कसोटीत खेळवायचं यावर आपण असेच भांडतो. पण बुमराला पगार मिळतो. आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, ती अठरा-एकोणीस वर्षांची पोरं होती आणि खेळायचा त्यांना पगार नव्हता. तेवढा फरक डोक्यात ठेवा.

कोच एकच आहे, माइक शशेव्हस्की. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग असं भयंकर की सगळं जग त्यांना ‘कोच के’ म्हणतं. १९८० ते २०२२ अशी ४२ वर्षं ते ड्यूक विद्यापीठाचे कोच होते. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, कारकिर्दीत १,२०२ विजय. ड्यूक आहे नॉर्थ कॅरोलायना राज्यात, डरहम गावात. आणि जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर चॅपल हिलमध्ये त्यांचा कट्टर वैरी, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. या सामन्याच्या तिकिटासाठी ड्यूकची मुलं कडाक्याच्या थंडीत कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात.

आता २० फेब्रुवारी २०१९. आपल्याकडे २१ ची सकाळ. ड्यूक देशात पहिल्या क्रमांकावर, घरचं मैदान, समोर नॉर्थ कॅरोलायना, प्रेक्षकांत बराक ओबामा. ड्यूकचा हीरो झायन विल्यमसन, वय १८, साधारण दोन मीटर उंच, वजन जवळपास १२९ किलो, आणि या वजनाचा माणूस एवढी उडी कशी मारतो हे कुणालाच न सुटलेलं कोडं. सामना सुरू होऊन ३६ सेकंद झाली. झायननं पाय रोवला आणि त्याचा नाइकीचा बूट उसवला. म्हणजे अक्षरशः पाऊल बुटाच्या बाहेर! झायन खाली, उजवा गुडघा दुखावलेला. ड्यूक ८८-७२ हरले. दुसऱ्या दिवशी नाइकीचा शेअरसुद्धा घसरला.

त्या रात्रीपासून फॅन्समध्ये जे पेटलं ते तीन आठवडे विझलं नाही.

एक गट म्हणत होता, बस, आता थांब. मुळात झायन कॉलेजात का होता, तर नियमामुळे. खेळाडू १९ वर्षांचा आणि शाळा संपून एक वर्ष झालेला असल्याशिवाय एनबीएत येऊ शकत नाही, असं २००५ च्या करारात ठरलं. त्यामुळे अशी मुलं एक वर्ष कॉलेजात काढतात आणि जातात. ड्राफ्टमध्ये झायन पहिला जाणार हे जवळपास ठरलेलं होतं. म्हणजे चार महिन्यांवर कोट्यवधी डॉलर, आणि आज शून्य. तिकिटं विकून कॉलेज कमावणार, दाखवून टीव्ही कमावणार, बूट विकून कंपनी कमावणार आणि गुडघा मात्र याचा जाणार. शिकागो बुल्सचा जुना स्टार स्कॉटी पिपेन तर हे दुखापतीच्या आधीच, जानेवारीत, म्हणाला होता.

दुसरा गट म्हणत होता, असं कसं? टीमला शब्द दिलाय, बाकीचे पोरगे त्याच्या भरवशावर आहेत. स्कॉलरशिप घेतली आहे. गुडघ्याची दुखापत सौम्य आहे. बरा झाला की खेळ.

आणि तिसरा एक प्रश्न होता. तो कमी लोक विचारत होते, पण मला तोच खरा वाटतो. हे ठरवणार कोण? कोच? पण कोचला तर सहावं विजेतेपद हवंय! ज्याचा स्वतःचा फायदा त्या गुडघ्यात अडकलाय, तोच त्या गुडघ्याचा न्याय करणार?

आता कोच केंनी प्रत्यक्षात काय केलं ते बघा. तारीख दिली नाही. रोज बघू, एवढंच. झायनशिवाय पाच सामने झाले. तीन जिंकले, दोन हरले. वेक फॉरेस्टसारख्या त्या वर्षी कमकुवत असलेल्या टीमविरुद्ध घरच्या मैदानावर ७१-७०, म्हणजे एका पॉइंटनं जीव वाचला. ९ मार्चला चॅपल हिलला, वैऱ्याच्या घरी सामना. फॅन्सना वाटलं, आज तरी आणतील. नाही आणलं. ७९-७० हरले.

१४ मार्चला शार्लटमध्ये सिरॅक्यूजविरुद्ध झायन परतला. १३ वेळा बास्केटवर चेंडू टाकला, तेराच्या तेरा आत. २९ पॉइंट, १४ रिबाउंड. दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ३१ पॉइंट आणि ७४-७३ असा विजय. तिसऱ्या दिवशी कॉन्फरन्सचं विजेतेपद. झायननं स्पष्ट सांगितलं की आपलं परत यायचं आधीपासून पक्कं होतं.

मग काय, सगळे म्हणायला लागले, वा, कोच केंनी काय हाताळलं!

थांबा. ३१ मार्चला मिशिगन स्टेटविरुद्ध ड्यूक ६७-६८ असे एका पॉइंटनं हरले आणि स्पर्धेबाहेर गेले. मार्चची ही राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीची असते, तेव्हा ६८ टीम, एक हरलात की घरी. आता त्याच निर्णयाला चूक म्हणायचं का? झायन जूनमध्ये ड्राफ्टमध्ये पहिला गेला, म्हणून परत बरोबर? आणि ऑक्टोबरमध्ये त्याच गुडघ्याच्या मेनिस्कसचं ऑपरेशन झालं, म्हणून पुन्हा चूक? निर्णय एकच आहे हो. निकाल बदलला की आपण मार्क बदलत राहतो.

एक गंमत सांगतो. परतताना झायननं घातलेले बूट मुद्दाम मजबूत करून घेतलेले ‘कायरी ४’ होते. कायरी म्हणजे कायरी अर्व्हिंग. आणि कोच केंच्या ड्यूकमध्ये असाच वाद आधी ज्याच्यावरून झाला, तो खेळाडू हाच!

तर आठ वर्षं मागे चला. ड्यूक २०१० चे चॅम्पियन. नव्या मोसमात कायरी आला, पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा. पहिले आठच्या आठ सामने जिंकले. आठव्यात, ४ डिसेंबर २०१० ला, बटलरविरुद्ध त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली. पुढचे २६ सामने तो बाहेर. त्याच्या जागी सूत्रं घेतली सीनियर नोलन स्मिथनं. सामन्याला सरासरी २० च्या वर पॉइंट, कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू. कायरीशिवायच्या २६ पैकी २२ सामने ड्यूक जिंकले, कॉन्फरन्सचं विजेतेपदसुद्धा.

आणि मग राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर कायरी बरा झाला.

आता करा भांडण! बसलेली घडी मोडायची का? कोच केंनी पहिल्या सामन्यात त्याला सुरुवातीच्या पाचात घेतलं नाही, बदली म्हणून आणलं. दोन सामने जिंकले. तिसरा अ‍ॅरिझोनाविरुद्ध. कायरीनं २८ पॉइंट केले. नोलन स्मिथनं फक्त ८. ड्यूक ७७-९३ असे हरले. नोलनचं कॉलेज करिअर तिथेच संपलं.

काही फॅन्स अजूनही म्हणतात, कायरीला आणून कोचनं टीम बिघडवली. मला ते पूर्ण पटत नाही. मध्यंतराला ड्यूक ४४-३८ पुढे होते. दुसऱ्या अर्धात अ‍ॅरिझोनानं ५५ पॉइंट ठोकले. समोरचा ५५ करतो तेव्हा प्रश्न बचावाचा असतो, २८ करणाऱ्याला त्याची शिक्षा कशाला? पण मी नोलनच्या बाजूनंही बघतो. तीन महिने गाडी तुम्ही चालवलीत, आणि शेवटच्या वळणावर स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात. गैरहजर खेळाडूबद्दल बोलताना हजर असलेल्याचं काय झालं, हे फॅन्स फार कमी विचारतात. कोचला मात्र दोघांच्याही डोळ्याला डोळा भिडवावा लागतो.

तिसरी गैरहजेरी वेगळी आहे. फेब्रुवारी २०२१, कोविडचा मोसम, ड्यूकची अवस्था वाईट. जेलन जॉन्सन, पहिल्या वर्षाचा खेळाडू. पायाच्या दुखापतीमुळे आधी काही सामने चुकलेले. १३ सामने खेळून त्यानं जाहीर केलं, मी थांबतो, ड्राफ्टची तयारी करतो. म्हणजे झायनला जे कर म्हणून लोक ओरडत होते, ते यानं खरोखर केलं.

आणि काय झालं? ‘पळपुटा’ म्हणून झोडपला! टीम जिंकत असताना थांबला असता तर समंजस ठरला असता बहुधा. कोच केंनी जाहीरपणे त्याची बाजू घेतली. निर्णय त्याच्या भविष्याच्या हिताचा आहे, एवढाच त्यांचा सूर होता. गेला तो सोडून गेला, असा टोमणाही नाही. पुढचे तीन सामने ड्यूकनं लागोपाठ जिंकले, तरी त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ते पोचले नाहीत. जेलनला ड्राफ्टमध्ये विसाव्या क्रमांकावर अटलांटानं घेतलं.

ड्यूक त्या स्पर्धेत नव्हते, असं याआधी शेवटचं झालं होतं १९९५ मध्ये. आणि १९९५ ची गैरहजेरी आजच्या चारांपैकी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तेव्हा गैरहजर होते स्वतः कोच के.

ऑक्टोबर १९९४ मध्ये त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आराम सांगितला होता. पण सराव सुरू झालाय, कोच घरी कसा बसेल? लगेच कामावर हजर. जानेवारीत शरीरानं हात टेकले. बायको मिकी हट्टाला पेटली तेव्हा ते पुन्हा डॉक्टरकडे गेले. टीम तेव्हा ९ विजय, ३ पराभवांवर होती. सहायक पीट गॉडेटनं टीम सांभाळली आणि पुढे ४ विजय, १५ पराभव. कोच केंनी राजीनामाही पुढे केला. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी तो घेतला नाही.

ते १५ पराभव कोच केंच्या नावावर नाहीत, गॉडेटच्या नावावर आहेत. चॅपल हिलचे फॅन त्यावरून अजून टोमणे मारतात. त्यांच्या बोलण्यात दम आहे, असं मला वाटतं. आणि गॉडेट त्या मोसमानंतर ड्यूकमध्ये राहिला नाही. इथेही हजर असलेल्याला किंमत मोजावी लागली.

पण बघा, लवकर परत येण्याची किंमत या माणसानं स्वतःच्या पाठीवर मोजली होती. आपल्याशिवाय चालणारच नाही, हा विचार माणसाला कुठे नेतो ते त्यांना माहीत होतं. २०१९ मध्ये वैऱ्याच्या घरी झायनला बेंचवर ठेवताना त्यांच्या मनात १९९५ होतं का, हे मी सांगू शकत नाही. पण ते वर्ष जगलेला कोच आणि न जगलेला कोच यांत फरक पडत असणार, एवढं नक्की.

म्हणून कोचनं बरोबर केलं की चूक, यावर पुढच्या वेळी भांडाल तेव्हा स्कोअर बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. एक, निर्णय घेताना खेळाडूचं ऐकलं का, की त्याच्या वतीनं सगळे बोलत होते? दोन, जे मागे राहून टीम ओढत होते, त्यांना काय सांगितलं? तीन, उलटं झालं तर भोगणार कोण? फॅन एक आठवडा हळहळतो. कोचला पुढचा मोसम असतो. गुडघा मात्र एकाचाच असतो. ज्याच्या वाट्याला धोका जास्त, त्याचं मत जास्त वजनाचं, हा माझा साधा हिशेब आहे. या हिशेबात झायनचं खेळणं बरोबर आणि जेलनचं थांबणंही बरोबर. दोघांनी उलट निर्णय घेतले, पण स्वतःचे घेतले.

आता चित्र बदललंय. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं. जुलै २०२५ पासून कॉलेजं थेट पैसेही देऊ शकतात. चांगलंच झालं. पण त्याबरोबर फॅन्सच्या तोंडी नवं वाक्य आलंय: पैसे घेतोस ना, मग खेळ! पगार दिला म्हणजे गुडघा विकत घेतला, असं होत नाही. हे आपण आपल्या क्रिकेटपटूंबद्दलही अनेकदा विसरतो.

तर सांगा, तुम्ही कोच असता तर ९ मार्चला चॅपल हिलमध्ये झायनला उतरवलं असतं का? व्हॉइस नोट पाठवा. पण ‘हो’ म्हणणाऱ्यांनी आधी ऐकवा, गुडघा गेला असता तर त्या पोराला दुसऱ्या दिवशी काय सांगितलं असतं. चला, भेटू पुढच्या भागात.