जुनी जिप्सी, एक लाख रुपये आणि यादीचा क्रम

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षिप्त करून.)



या मंचावरून आपण दरवर्षी संतवाङ्मय ऐकतो, मधुमेहावर ऐकतो, निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर तर दोनदा ऐकतो. यंदा जुन्या गाडीचा विषय ठेवला, याचे कारण समोर तिसऱ्या रांगेत बसले आहे. आपल्या तीन तरुणांनी मिळून २००१ सालची जिप्सी किंग घेतली आहे. दिवाळीनंतर घरच्या सगळ्यांना घेऊन कुंडम, शहापुरा, डिंडोरीमार्गे अमरकंटकला जायचा बेत आहे. गाडीवर खर्चायला त्यांच्याजवळ एक लाख रुपये आहेत आणि एक यादी आहे. ती यादी आधी त्यांच्या आयांनी वाचली, मग माझ्याकडे आली. मी मेकॅनिक नाही. कारखान्यात तपासणी विभागात नोकरी झाली, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही, एवढेच माझे भांडवल.

यादी अशी होती: गाडी पाच इंच उंच करणे, मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, छपरावर दिव्यांची रांग, आणि लष्करी हिरवा रंग. यात कुठेही ब्रेक हा शब्द नव्हता.

आपण जबलपूरचे. वाहन निर्माणीत १९६९ पासून जोंगा तयार होत असे, आणि त्या नावात जबलपूरचा 'ज' आहे. लिलावात सुटलेल्या लष्करी गाड्या पाहतच आपली मुले मोठी झाली. तेव्हा हा शौक त्यांना बाहेरून लागलेला नाही, घरचाच आहे. जोंगा घेतली नाही हे मात्र बरे केले. सहा सिलिंडरचे जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन पोसायला एक लाख रुपये वर्षभरही पुरले नसते. जिप्सीचे तसे नाही. वजनाला हलकी, आणि तिचे १.३ लिटरचे इंजिन एस्टीमच्याच घराण्यातले, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. नागरी बाजारातली तिची विक्री २०१९ मध्ये थांबली, पण जंगलात ती अजून रोज धावते.

जंगलाचे उदाहरण मुद्दाम देतो. कान्ह्याला खटिया गेटवर पहाटे उभे राहिलात तर जिप्सींची रांग दिसते. सहा-सहा पर्यटक घेऊन त्या महिनोन्महिने कच्च्या रस्त्यावर चालतात. त्यातली एखादी खाली वाकून पाहा. पाटे, म्हणजे इथले मिस्त्री ज्यांना कमानी म्हणतात ते, बहुतेक कंपनीच्याच उंचीचे. गाडी उंच केल्यामुळे नव्हे, तर हळू चालवल्यामुळे आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असताना खालचे काम काढल्यामुळे त्या टिकतात.

तेव्हा पैसा पहिल्यांदा कुठे जावा? गाडीखाली. एक चांगली बॅटरी आणि एक टोचा घेऊन झोपायचे. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे चासीला धरतात ती जागा, बॉडीचे माउंट, पुढच्या पायाखालचा पत्रा. टोचा आत गेला तर बाकीची सगळी यादी थांबली असे समजा. गंजलेल्या चासीवर नवे पाटे बसवणे म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नवे दार लावण्यासारखे आहे. या मुलांच्या गाडीची चासी शाबूत निघाली, पायाखालचा पत्रा नाही. पत्रा कापून नवा जोडणे हे स्वस्तातले काम आहे, फक्त वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढलेली आपल्या डोळ्यांनी पाहावी.

मग ब्रेक. किंगला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. रबरी होज, व्हील सिलिंडरचे वॉशर, पॅड, लायनर आणि तेल, हे सगळे एकदम बदलावे. पंचवीस वर्षांचा होज वरून ठीक दिसतो आणि आतून फुगलेला असतो. पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्याच दिवशी बदलाव्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २००१ सालचे रबर त्या हिशोबाने बनवलेले नव्हते. नळी पाझरली तर ती गरम इंजिनाशेजारी पाझरते.

तिसरे काम स्टीअरिंगचे. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड दांड्याचा. किंग पिनची बेअरिंगे ढिली झाली की पन्नास-साठच्या वेगात खड्डा बसताच स्टीअरिंग हातात थरथरू लागते, आणि ब्रेक लावेपर्यंत थांबत नाही. मिस्त्री यावर सरळ नवा डॅम्पर बसवून देतात. थरथर दबते, ढिलेपणा तसाच राहतो. बेअरिंगे आणि सील बदला, व्हील बेअरिंग कसून घ्या, टाय रॉडचे एंड बघा. इथपर्यंत एका लाखातले चाळीस हजार गेले, आणि बाहेरून गाडी जशी होती तशीच दिसते आहे. मुलांचे चेहरे इथे पडले, ते मी पाहिले. पण आईला मागच्या बाकावर बसवायचे असेल तर हेच चाळीस हजार खरे.

आता टायर, इथे थोडे गणित करू. या गाडीचा मूळ आकार २०५/७० आर १५. म्हणजे व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. मुलांना हवा होता २३५/७५, व्यास ७३३. फरक ६५, पण अ‍ॅक्सल वर येतो त्याच्या निम्म्याने, जेमतेम सव्वा इंच. त्याची किंमत बघा. चाक सुमारे दहा टक्के मोठे झाले, म्हणून काटा साठ दाखवील तेव्हा गाडी सहासष्टने पळत असेल. तेवढ्याच जोराने पेडल दाबले तर रोखण्याची ताकद सुमारे दहा टक्क्यांनी कमी. आणि ओढही तेवढीच कमी. जिप्सीचा लो गिअर मुळातच फार खालचा नाही. हाय १.४०९ आणि लो २.२६८, म्हणजे लो टाकल्यावर ओढ वाढते ती १.६ पटच. चिखलात जी ओढ हवी तीच आपण पैसे देऊन घालवायची!

२१५/७५ घेतला तर व्यास ७०३, फरक पाच टक्के, उंची पाऊण इंच. कंपनीतून पूर्वी एफ ७८-१५ हे जुन्या पद्धतीचे टायर येत, तेही उंचीला याच्याच आसपास. म्हणून मी याच आकाराच्या बाजूने आहे. नक्षी ऑल टेरेनची. ती मोठाल्या गुटख्यांची मड टेरेन नक्षी (गुटखा म्हणजे रबराचा ठोकळा, पुडीतला नव्हे) कुंडमच्या डांबरी रस्त्यावर नुसती घोंघावते. आणि आपली नर्मदाकाठची काळी माती अशी चिवट की तिने एकदा नक्षी भरली की कुठलाही टायर गुळगुळीतच.

त्यापेक्षा हवा कमी करा. रस्त्यावर अठ्ठावीस पौंड असेल तर वाळूत-चिखलात सोळा-अठरा. टायर पसरतो, जमिनीवरचा ठसा लांबतो, गाडी तरंगल्यासारखी निघते. परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायची, वेग वाढवायच्या आधी. बारा व्होल्टचा छोटा पंप आणि दाब मोजायचे घड्याळ, एवढाच खर्च. या सगळ्या विषयात याहून स्वस्त आणि याहून कामाची सुधारणा मला माहीत नाही.

पाच इंच उंची का नको? जिप्सीत पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात. ते वर घेतले की गाडी झटक्यात उंच होते आणि वेल्डिंगवाला ते एका दिवसात करून देतो. पण मग प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलतात, ब्रेकचे होज अपुरे पडतात, स्टीअरिंगचा दांडा तिरपा होतो. लांब शॅकल लावायचा स्वस्त उपाय पुढे केला तर कॅस्टर बिघडतो आणि स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला तो वेगळाच. आता आठवा, या गाडीचे मागचे बाक आडवे, समोरासमोर. अमरकंटकच्या चढावर वळणात त्या बाकावर कोण बसणार आहे? पाटे बसकेच झाले असतील तर नवे, मूळ मापाचे घाला, चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावा. थकलेली गाडी त्यानेच इंच-दीड इंच वर येते. आणि मागे पट्टे बसवायचे तर ते मजबुतीचा पत्रा देऊन चासीला पकडतील असे, नुसत्या पातळ पत्र्याला नव्हे.

विंच आज नको. पुढे-मागे चासीला बोल्टने पक्के केलेले हुक, दोन शॅकल, एक लवचीक दोर आणि फावडे, यात बहुतेक चिखल निभतो. फसलेली गाडी बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला दोर बांधून कधीच ओढू नये. तो गोळा तुटून सुटला तर तोफगोळाच, आणि तोफा आपल्या गावाला नव्या नाहीत. दोर ताणलेला असताना आसपास कोणी उभे राहायचे नाही.

डिफरन्शियलच्या श्वासनळ्या लांब रबरी नळीने वर बॉनेटखाली आणून ठेवा, शे-दोनशेचे काम. नाल्यात गरम अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की तो आत हवा ओढतो, आणि नळी खाली असेल तर पाणीच ओढतो. दिव्यांचे म्हणाल तर मूळ दिव्यांना रिले आणि जाड वायर द्या, पुरे.

राहिला कायदा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. लोखंडी बंपरवर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले, कारण धडकेत पायी चालणाऱ्याला तो जास्त इजा करतो. आणि हिरवा रंग! केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या वाहनांचा. आपल्यापैकी निम्म्यांनी ज्या गाड्या जन्मभर त्या रंगात रंगवून पाठवल्या, त्या रंगाची गाडी आपल्याला दारात ठेवता येत नाही, याची गंमत वाटते खरी. मूळ रंग पांढरा आहे, तोच नीट मारून घ्या. दुसरा हवा असेल तर आधी परवानगी, मग रंगारी.

शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ते शुल्क २०२५ मध्ये दहा हजार झाले. ते एका लाखातून आधीच बाजूला काढा. कारण निरीक्षक समोर उभा राहील तेव्हा तो दिव्यांची रांग मोजणार नाही, ब्रेक दाबून पाहील आणि चासी नंबर घासून वाचील. हा नंबर गंजाने पुसट होत असेल तर त्यावर आजच ग्रीसचा हात फिरवा.

जिप्सी बाहेर मंडपाच्या डाव्या बाजूला उभी आहे. आरतीला अजून पाऊण तास आहे. ज्यांना खालून बघायची असेल त्यांनी या, सतरंजी आणि बॅटरी मी आणली आहे. आयांनी तर जरूर यावे. नवे होज कुठले आणि जुने कुठले, ते मी दाखवीन.