निरोप घेण्याआधी : लॅपटॉप, डॉक आणि ऑपरेटिंग सिस्टिम

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



पाढे चुकले म्हणून ज्या सभागृहात मला कधी काळी उभे राहावे लागले, तेथेच आज बोलण्यासाठी उभे केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपल्या कामाविषयी मराठीतून सांगावे, अशी संयोजकांची अट होती. दिल्लीत राहून सारा दिवस हिंदी आणि इंग्रजीत काढणाऱ्या माणसाला ही अट सोपी नाही. तरीही प्रयत्न करतो.

नोएडातील माझे पहिले काम लॅपटॉपच्या डॉकिंग स्टेशनसंबंधी होते. डॉक म्हणजे टेबलावर कायम राहणारा तळ. मोठा पडदा, कीबोर्ड, जादा डिस्क, नेटवर्कची तार हे सारे त्याला जोडलेले असते. लॅपटॉप त्यावर बसवला की तो टेबलावरचा पूर्ण संगणक होतो. उचलला की पुन्हा प्रवासाचा सोबती. १९९२ साली ॲपलने आणलेल्या ‘ड्युओ डॉक’मध्ये तर लॅपटॉप व्हिडिओ कॅसेटसारखा आत सरकत असे.

जोडणे हे काम त्या मानाने सोपे आहे. खरी परीक्षा वेगळे होताना असते. ती समजावण्यासाठी आपल्या शाळेचीच एक पद्धत सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला हवा असेल, तर ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि कार्यालय अशा तीन ठिकाणी ‘काही बाकी नाही’ अशी सही घ्यावी लागे. एक जरी सही राहिली, तरी दाखला मिळत नसे. ऑपरेटिंग सिस्टिमलाही हेच करावे लागते. आधी ती उघड्या फाइली असलेल्या प्रोग्रामांना विचारते, मग डिस्कला, मग डिस्क ज्या मार्गाने जोडली आहे त्या मार्गाला. सर्वांचा होकार आला, की शेवटी डॉकची कडी सुटते. हा क्रम उलटला, तर आतला माणूस बाहेर येण्याआधीच दाराला कुलूप लागते.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये, अशी सोय असलेल्या लॅपटॉपवर ‘संगणक बाहेर काढा’ अशा अर्थाची आज्ञा स्टार्ट मेनूतच होती. पुढे इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. डॉकचे बटण दाबल्यावर यंत्राने ऑपरेटिंग सिस्टिमला ‘बाहेर पडू का?’ असे कसे विचारावे आणि तिने कडी सोडण्याची आज्ञा कशी द्यावी, याची रीत त्यात आखून दिली आहे. लिनक्सच्या गाभ्यात डॉकसाठी स्वतंत्र ड्रायव्हर २००६ मध्ये आला.

आता माझी चूक सांगतो. डॉकवरचा हिरवा दिवा लागला की लॅपटॉप उचलावा, अशी आमच्या कार्यालयात सूचना होती. दिवा लावणारा प्रोग्राम मी लिहिला होता. एका संध्याकाळी लेखा विभागातील एका वयस्क सहकाऱ्यांनी चार्टर्ड बस चुकू नये म्हणून बटण दाबले, दिवा पाहिला आणि लॅपटॉप उचलला. डॉकमधील डिस्कवरची पगारपत्रकाची फाइल अर्धवट राहून निकामी झाली. त्यांनी रात्रभर बसून ती पुन्हा भरली. “काकांनी घाई केली,” असे मी सर्वांना सांगत राहिलो. दोन दिवसांनी माझाच प्रोग्राम वाचला. डिस्कला ‘थांब’ असे सांगितल्याबरोबर मी दिवा लावत होतो. ‘थांबले’ हे तिचे उत्तर येण्याची वाट पाहत नव्हतो. फाइलचा शेवटचा भाग तेव्हा मेमरीतच होता. मी त्यांच्याकडे जाऊन चूक कबूल केली. ते एवढेच म्हणाले, “मी तर दिवा बघूनच उठलो होतो, बेटा.” ते वाक्य मला अद्याप विसरता आलेले नाही.

त्या दिवसापासून तीन नियम मी पाळत आलो. पहिला, विचारल्यावर उत्तराची वाट पाहायची. दुसरा, नकार द्यायचा तर कारण सांगायचे. ‘आता बाहेर काढता येत नाही’ एवढेच सांगणे म्हणजे कोणते पुस्तक बाकी आहे ते न सांगता विद्यार्थ्याला ग्रंथालयातून परत पाठवणे. तिसरा नियम सर्वांत कठीण : न विचारता जाणाऱ्यासाठीही तयार राहायचे. वडिलांची अचानक बदली झाली म्हणून सत्राच्या मध्येच गेलेली मुले आपल्या वर्गात होती; हजेरीपट मात्र नीटच ठेवावा लागे. लॅपटॉपच्या अंतर्गत मार्गावरील एखादे उपकरण असेच निघून गेले आणि ड्रायव्हर त्याच्याकडून काही वाचू लागला, तर सगळे बिट ‘एक’ असलेले उत्तर मिळते. ते खरे मानणारा ड्रायव्हर फसतो, कधी सारा संगणक अडकवून ठेवतो. म्हणून ‘समोर कोणी आहे का?’ हे आधी तपासावे लागते. गेलेल्या पडद्यावरच्या खिडक्याही उरलेल्या पडद्यावर आणाव्या लागतात.

आज कडी उरलेली नाही. २०१४ मध्ये यूएसबी-सीचे मानक आले आणि वीज, चित्र व माहिती एकाच तारेतून वाहू लागली. ती तार कोणीही, केव्हाही ओढू शकतो. घरून काम करणाऱ्या पालकांना मी याहून अधिक सांगायला नको! शिवाय थंडरबोल्टसारख्या जोडणीतून आलेले उपकरण थेट संगणकाच्या मेमरीपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे आता ऑपरेटिंग सिस्टिमला जाणाऱ्याबरोबर येणाऱ्याचीही चौकशी करावी लागते. २०१८ पासून विंडोजमध्ये त्यासाठी, योग्य यंत्रणा असलेल्या संगणकांवर, मेमरीचे स्वतंत्र संरक्षण आले.

पालकांना दोनच विनंत्या. डॉकला जोडलेली डिस्क काढण्याआधी ती सुरक्षितपणे बाहेर काढण्याची आज्ञा द्या आणि उत्तर येईपर्यंत थांबा. महत्त्वाच्या कागदांची एकमेव प्रत अशा डिस्कवर कधीही ठेवू नका.

या शाळेतील बाई “समजले का?” असे विचारून फळ्याकडे वळत नसत, शेवटच्या बाकावरून उत्तर येईपर्यंत थांबत. मी तेथेच बसत असे. ती सवय उचलायला मला एक पगारपत्रक आणि एका सज्जन माणसाची रात्र खर्ची घालावी लागली. येथे बसलेल्या मुलांनी ती येथूनच, फुकट घेऊन जावी, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.