शिरगणती, खानेसुमारी आणि पाण्याची वही



इराणच्या मध्यभागी यझद हे वाळवंटातले प्रसिद्ध शहर आहे. त्याच्या नैर्ऋत्येस सहा-सात कोसांवर, शीरकूह पर्वताच्या पायथ्याशी, तफ्त नावाचे फारसी बोलणाऱ्यांचे एक लहान गाव आहे. ते जिल्ह्याचे ठाणे आहे आणि त्याची ख्याती डाळिंबांसाठी. २००६ साली तेथे पंधरा हजारांवर माणसे मोजली गेली, २०१६ साली अठरा हजारांवर. एवढ्याशा गावासाठी एक सबंध सायंकाळ कशाला खर्चायची, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, लोकसंख्येचा आकडा कसा वाचावा, हे शिकण्यास असे लहान गावच बरे.

प्रथम शब्द पाहू. जुन्या मराठीत जनगणनेला ‘खानेसुमारी’ म्हणत. हा शब्द फारसीतला; खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. आज इराणात मात्र ‘सरशुमारी’ हा शब्द चालतो. सर म्हणजे डोके. म्हणजे आपली शिरगणतीच! घरे मोजणे आणि डोकी मोजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घर जागचे हलत नाही, माणूस हलतो.

तफ्तमध्ये तिसरीही एक मोजणी पूर्वापार चालत आली, ती पाण्याची. या मुलखात पाऊस नावापुरता. डोंगराच्या कुशीतले पाणी जमिनीखालून कोसच्या कोस बोगद्याने आणावयाचे, त्या बोगद्यास कनात म्हणतात. कनातीचे पाणी वेळेवर वाटले जाई. तळाशी भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक पाळी संपली. आपल्याकडच्या घटिकापात्राचेच हे भावंड. पाळ्यांचा हिशेब मीराब नावाचा पाटकरी ठेवी. पाण्याचा हा वाटा जमिनीहून वेगळा विकता येई आणि वारसाने मुलांकडे जाई. गाव सोडून गेलेला माणूस शिरगणतीत दिसणार नाही. पाण्याच्या वहीत मात्र त्याचे नाव राहू शके.

आता मोजणी कशासाठी, हा खरा प्रश्न. यझद आणि तफ्त यांच्या आसपास जरथुश्त्री लोकांची जुनी वस्ती आहे. शतकानुशतके त्यांची डोकी मोजली जात ती जिझिया वसूल करण्यासाठी. अशा मोजणीत आपले माणूस लपवावेसे वाटले तर नवल काय? १८५४ साली मुंबईच्या पारशी मंडळींनी माणेकजी लिमजी हातारिया यांस इराणात धाडले. त्यांनीही मोजदाद केली. यझद परिसरात त्यांना सुमारे साडेसहा हजार जरथुश्त्री आढळले. माणसे तीच, परंतु ही मोजणी कर घेण्यासाठी नव्हती, कर उठवण्यासाठी होती. बरीच वर्षे खटपट झाल्यावर १८८२ साली शहा नासिरुद्दीनने जिझिया रद्द केला. तोवर आणि त्यानंतरही या खेड्यांतून कितीतरी माणसे मुंबई-पुण्यास आली. ज्यांच्या दुकानात बसून आपल्या कैक पिढ्यांनी चहा घेतला, त्या इराण्यांपैकी अनेकांची मुळे याच मुलखात आहेत. तिथली बेरीज उणी झाली ती इथे अधिक झाली.

आज चित्र पालटले आहे. खोल विहिरी आणि पंप आल्यापासून यझद प्रांतातल्या कित्येक कनाती आटल्या. इस्फहानकडच्या झायंदेरूद नदीचे पाणी नळाने या प्रांतात आणले गेले. २०१३ साली तिकडच्या शेतकऱ्यांनी, आमची शेते कोरडी पडली म्हणून, ती व्यवस्थाच फोडली. माणसे वाढली हे खरे. पण त्यांचे पाणी कोणाच्या वहीतून वजा झाले, हे शिरगणती सांगत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. गावाची लोकसंख्या वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. घरे किती आणि त्यांतली उघडी किती? माणसे कोणत्या कामासाठी मोजली? आणि जी मोजली, त्यांना पुरेल एवढे पाणी त्या गावाचे स्वतःचे आहे काय? पहिल्या दोहोंची उत्तरे सरकारी दप्तरात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर शोधायला जमिनीखाली उतरावे लागेल, आणि तफ्तसारख्या गावाचे पुढचे शतक त्यावरच ठरणार आहे.