एक नट, दोन भूमिका

श्रोतेहो, शाहू मोडक हे नाव जुन्या मंडळींना सांगायला नको. १९१८ साली नगरास, ख्रिस्ती घरात जन्मलेल्या या नटाने पडद्यावर कृष्ण गाजवला. १९४० साली ‘प्रभात’च्या चित्रपटात तो ज्ञानेश्वर झाला. आपल्या नेवाशाच्या लोकांना त्याचे कौतुक दुप्पट! पण त्याआधी, १९३३ सालच्या ‘औट घटकेचा राजा’त त्याने एकट्याने दोन भूमिका केल्या होत्या.

आता मुले विचारतात, एकच नट स्वतःसमोर उभा कसा राहतो?

जुनी रीत अशी. कॅमेरा घट्ट रोवायचा. भिंगापुढे काळे झाकण, म्हणजे मास्क, लावून अर्धे चित्र झाकायचे आणि उघड्या अर्ध्यात नटाला उभे करायचे. मग भिंग बंद करून तीच फिल्म मोजून मागे गुंडाळायची. झाकण दुसऱ्या बाजूला लावायचे, नटाने पोशाख बदलायचा, आणि उरलेला अर्धा भाग टिपायचा.

खरी मेख पुढेच आहे. फिल्म दुसऱ्या वेळी तंतोतंत पहिल्या जागी बसली पाहिजे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके असतात. चांगल्या कॅमेऱ्यात बारीक खुंट्या या भोकांत शिरून चित्र टिपेपर्यंत फिल्म धरून ठेवतात. चित्राची रुंदी जेमतेम बावीस मिलिमीटर, पडदा वीस फुटांचा. फिल्म मिलिमीटरचा दहावा भाग सरकली, तर पडद्यावर इंचभर फट दिसते, नाहीतर दोन्ही अर्धी एकमेकांवर चढतात! आणि फिल्म धुतल्याशिवाय हे कळत नाही. तोवर पहिले कामही वाया गेलेले असते, बरं का.

म्हणून भोके नेमकी हवीत. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून कॅमेऱ्याबरोबर भोके पाडण्याचे यंत्रही मागवले. कोरी फिल्म तेव्हा भोकांशिवाय येई. अंधारात बसून ती भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. पडद्यावरच्या नावांपेक्षा मला हे काम मोठे वाटते.

गुरुजी, हे वर्गात करून पाहता येईल. फळीवर दोन चुका ठोका. दोन पातळ कागद एकावर एक धरून त्यांना एकदमच भोके पाडा. एक कागद चुकांवर अडकवून त्यावर घराचा डावा भाग काढा. दुसरा त्यावरच अडकवून उजवा पुरा करा. कागद काढून पुन्हा बसवा, घर जुळेल. मग एक भोक थोडे मोठे करा आणि छप्पर कुठे जाते ते मुलांनाच सांगू द्या.