खेळांतलें तळें आणि खरें तळें

मूल खेळांतून शिकतें, हें सांगण्यास कोणा शिक्षणशास्त्र्याची साक्ष नको. प्रश्न एवढाच कीं, तें नेमकें काय शिकतें? संगणकावरील खेळांतून प्राथमिक शाळेंतील मुलांस सृष्टिविज्ञान शिकवूं पाहणाऱ्यांनीं हा प्रश्न आधीं स्वतःस विचारला पाहिजे.

झाडांच्या अगर प्राण्यांच्या नांवांवर प्रश्न विचारावयाचे आणि बरोबर उत्तरास एक तारा द्यावयाचा, ही रीत फार सोपी आहे. परंतु मूल मग ताऱ्यामागें धावतें. झाड जागच्या जागीं राहतें. ह्याहून शहाणी योजना अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांतल्या ‘मेक’ ह्या संस्थेनें १९८६ सालीं ‘ओडेल लेक’ ह्या खेळांत केली. ओडेल हें ऑरेगॉन राज्यांतील खरोखरीचें सरोवर. खेळणारें मूल त्यांतील मासा होतें. समोर दुसरा जीव आला कीं त्यास खावें, हुसकावें, त्याकडे दुर्लक्ष करावें, कीं खोल पाण्यांत पळावें, हें त्यानें ठरवावयाचें. पाणमांजर ओळखतां आलें नाहीं, तर डाव संपला! कोण कोणाचें भक्ष्य, हें ज्ञान म्हणजेच येथें खेळ. तें काढून घेतलें तर खेळ उरत नाहीं.

तथापि तळें म्हणजे केवळ खाणारे व खाल्ले जाणारे नव्हेत. हार्वर्ड विद्यापीठांत २०१० च्या सुमारास थोड्या मोठ्या मुलांसाठीं रचलेल्या ‘इकोम्यूव्ह’मध्यें एका तळ्यांतील मासे अचानक मरतात. मुलें अपराधी शोधूं लागतात. तो त्या दिवशीं सांपडत नाहीं. मागील तारखांस जाऊन पाणी तपासलें म्हणजे उलगडा होतो. पावसानें खत वाहून आलें, शेवाळ माजलें, मग मेलें, आणि तें कुजविणाऱ्या जंतूंनीं पाण्यांतील प्राणवायु संपविला. दुष्ट असा कोणी नाहींच. कारण मात्र आहे, आणि तें कित्येक दिवस अगोदरचें व काठाबाहेरचें आहे. पुढें त्याच विद्यापीठांत तिसरीच्या मुलांसाठीं ‘इकोमॉड’ रचण्यांत आला. त्यांत मूल बीवर नांवाचा प्राणी होऊन बांध घालतें, आणि काळांत पुढें जाऊन रान कसें बदललें तें पाहतें. कार्यकारणाचा लांब धागा लहान वयांतहि हातीं देतां येतो, तो असा.

एक सावधगिरी मात्र हवी. खेळांतील मेलेले मासे कळ दाबतांच पुन्हां पोहूं लागतात. चूक करून पाहण्यास ही सोय उत्तम; पण तीच मनांत ठसली, तर सृष्टीसहि अशी कळ आहे असें मूल समजेल. म्हणून खेळ आटोपल्यावर शिक्षकानें अगर आईबापांनीं मुलास जवळच्या तळ्याकाठीं न्यावें. बाटलींत पाणी घेऊन त्याचा रंग पाहावा, वास घ्यावा. हें पाणी असें केव्हांपासून झालें, आणि ह्यांत कोठून काय वाहून येतें, असें मुलानें आपण होऊन विचारलें, तर खेळ रचणाऱ्याचे श्रम सार्थकीं लागले असें समजावें.