नळाचं पाणी आणि आपलं जंगल

(परळच्या सभेत आपल्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. पाड्यापाड्यावरच्या बैठकीत वाचून दाखवावे.)



दसऱ्याला मी दादर स्टेशनाबाहेर आपट्याची पानं घेऊन बसते. मागल्या साली एक ताई म्हणाल्या, "तुम्ही झाडं तोडून विकता, मग जंगल राहील कसं?" मी म्हटलं, ताई, फांदी छाटली तर आपटा पुन्हा फुटतो. मूळच तोडलं तर पुढल्या दसऱ्याला मी विकू काय?

परळ, लालबाग, गिरगावच्या चाळीत नळाला पाणी येतं ते तानसा, वैतरणा, भातसाचं. तानसाचं धरण १८९२ सालचं. ही धरणं आमच्या शहापूर-मोखाड्याच्या बाजूला. पाऊस चार महिने, मुंबई पाणी पिते बारा महिने. उघड्या डोंगरावरचा पाऊस माती घेऊन धावत सुटतो, ती माती धरणात बसते. झाडाखाली पालापाचोळा असतो, मुळ्या असतात. तिथं पाणी दमानं मुरतं, झऱ्याला हळूहळू निघतं. झाड हे काम बिनपगारी करतं. आणि ते झाड वणव्यापासून राखणारा कागदावर अतिक्रमणदार! उन्हाळ्यात आमच्याच बाया हंडा घेऊन लांब लांब चालतात.

आता आपल्या गावांसाठी बोलते. २००६ च्या वनहक्क कायद्यात नुसता प्लॉट नाही, गावाचं जंगलही मागता येतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आपण बहुतेकांनी प्लॉटाचेच दावे भरले. प्लॉट एका घराला भात देईल. पण मोह, हिरडा, सरपण, चारा, झरा हे सगळ्या गावाचं आहे.

म्हणून ग्रामसभा घ्या. वनहक्क समितीबरोबर शिवार फिरा, नकाशा काढा. म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घ्या, कायद्यात तोही पुरावा आहे. दावा दिला की पोच घ्या. आणि हक्क मागतो तर नियमही आपणच करू: फळझाडाला कुऱ्हाड नाही, वणवा लागला तर सगळा पाडा धावेल.

त्या ताई पुन्हा भेटल्या तर सांगेन, आपट्याचं पान तुम्ही सोनं म्हणून वाटता. ते सोनं राखणाऱ्याला चोर म्हणू नका.

जिंदाबाद!