पापड लाटायला किती वेळ लागतो?

बचत गटात कुणी विचारलं, "ताई, पाच किलो पापडांना किती वेळ लागेल?" तर आपण पटकन लाटण्याचा वेळ सांगतो. पीठ भिजवणं, कुटणं, लाट्या करणं, वाळवणं, मोजून पिशव्या भरणं हे सगळं त्यात धरत नाही. आमचीही हीच चूक झाली. फरक इतकाच, की आमचे पापड कॉम्प्युटरवरचे होते.

आमच्या गटातल्या तिघींनी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आहे. गटाच्या कर्जातून आम्ही एक कॉम्प्युटर घेतला आणि फ्रीकॅड हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर त्यावर घातलं. आमच्या कोल्हापूर भागात फाउंड्र्या पुष्कळ. कागदावरच्या ड्रॉइंगवरून कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं, मग त्यावरून पॅटर्न तयार होतो आणि कास्टिंग ओततात. असं मॉडेलचं काम आम्ही घेऊ लागलो.

पहिलंच मोठं काम होतं पंपाच्या केसिंगचं. शंखासारखा वळत जाणारा आकार. "किती तास?" मालकांनी विचारलं. आम्ही म्हटलं, "आठ." तासाला 150 रुपये, म्हणजे 1200 रुपये ठरले. काम संपलं तेव्हा 19 तास झाले होते. हातात तासाला पडले 63 रुपये. कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला. गटाच्या बैठकीत एकजण बोलून गेली, "हिचा हात हळू आहे, म्हणून असं झालं." जिला बोलली ती चार दिवस कॉम्प्युटरकडे फिरकली नाही.

मग आम्ही सगळ्याजणी मिळून बसलो. फाइल सेव्ह केल्याच्या वेळा पाहिल्या, मालकांशी झालेले मोबाईलवरचे निरोप पाहिले आणि हिशेब मांडला. ड्रॉइंग वाचणं आणि त्यात नसलेली दोन मापं विचारून घेणं, 3 तास. मूळ आकार, 4 तास. भोकं, बरगड्या, कडांची गोलाई आणि साच्यातून पॅटर्न सहज निघावा म्हणून बाजूंना द्यायचा उतार, 4 तास. तपासणी, 2 तास. मालकांनी फ्लँजची भोकं चाराची सहा केली, नंतर पायाची उंची वाढवली, त्याचे 6 तास.

आता बघा. आकार आणि भोकं-बरगड्या मिळून बरोबर आठच तास झाले होते! म्हणजे आमची ताई हळू नव्हती. आम्हीच अर्धं काम मोजलं नव्हतं. बोलून गेलेलीनं तिथंच तिची माफी मागितली.

त्या दिवसापासून आम्ही चार गोष्टी पाळतो.

पहिली, ड्रॉइंग नीट पाहिल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. अर्धा तास बसून राहिलेली मापं शोधायची आणि आधीच विचारायची.

दुसरी, कामाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचे तीन अंदाज घ्यायचे: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि अडकलो तर. नेहमीच्या आकड्याला चारनं गुणायचं, त्यात बाकीचे दोन मिळवायचे आणि सहानं भागायचं. समजा 3, 4 आणि 11 तास. तीन अधिक सोळा अधिक अकरा, तीस. भागिले सहा, पाच तास. अडकण्याची भीती त्यात आपोआप धरली जाते.

तिसरी, वही. कामाला बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, कोणता तुकडा आणि का थांबलो. ज्याची नोंद तिनं स्वतःच करायची. सुरुवातीला काहीजणींना वाटलं, ही आपल्यावर पाळत आहे. म्हणून नियम केला: वहीवरून कुणाची कुणाशी तुलना करायची नाही. तुलना फक्त अंदाजाची आणि खऱ्या वेळेची.

चौथी, मालकांनी केलेले बदल वेगळे लिहायचे आणि त्यांचे पैसे वेगळे. हे काम घेतानाच सांगायचं.

वहीनं आणखी एक दाखवलं. कामाचे तास आणि कामाचे दिवस हे दोन वेगळे हिशेब आहेत. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत आढळलं, की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 97 मिनिटं. पाणी येतं, कुकर लावायचा असतो, सासूबाईंचं औषध असतं. आम्हाला दिवसाकाठी सलग चारच तास मिळतात. म्हणून 12 तासांचं काम दीड दिवसात देतो म्हणणं खोटं. तीन दिवस सांगायचे.

पुढचं केसिंग आलं तेव्हा आम्ही म्हटलं, "18 तास, पाच दिवस, बदलांचे पैसे वेगळे." मालक जरा गप्प राहिले. "मागच्या वेळी तर आठ म्हणालात?" आम्ही वही पुढं केली. त्यांनी पानं चाळली आणि हो म्हणाले. काम 20 तासांत झालं. दोन तास चुकले, तेही वहीत लिहिले. हप्ता वेळेवर गेला. आणि ते मॉडेल कुणी केलं? त्याच ताईनं, जिला हळू म्हटलं होतं.

तुम्ही ब्लाउज शिवत असाल, डबे देत असाल, पुढच्या ऑर्डरला एक वही जवळ ठेवा. आपला वेळ आपणच मोजला नाही, तर त्याचं मोल दुसरं कोण देणार?